शंभर कोटी डोकी, एक फाईल

दर सेकंदाला एक वर्ष आणि पाच महिने. अर्धशिशीपायी जगातल्या माणसांचा निरोगी काळ या वेगाने खर्ची पडतो. हिशेब कुणालाही करता येईल असा आहे. रोगांचं ओझं मोजणाऱ्या जागतिक अभ्यासात २०१६ या एका वर्षासाठी अर्धशिशीच्या नावावर ४ कोटी ५१ लाख ‘व्याधिग्रस्त वर्षं’ मांडली गेली. वर्षाचे सेकंद साधारण ३ कोटी १५ लाख. एकाला दुसऱ्याने भागलं की उत्तर येतं १.४३ वर्षं. एवढं वाचायला तुम्हाला अर्धा मिनिट लागला असेल, तर तेवढ्यात त्रेचाळीस वर्षं गेली.

आकडा फुगवलेला वाटतो, पण तसा नाही. या मापनात पूर्ण निरोगी दिवसाला शून्य आणि मृत्यूला एक असं वजन असतं. अर्धशिशीचा झटका चालू असतानाच्या काळाला ०.४४१ वजन दिलेलं आहे. म्हणजे झटक्यात गेलेल्या अख्ख्या दिवसातून साडेदहा तास वजा. दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत मनात बसलेली धास्ती, ऐन वेळी रद्द केलेला प्रवास, लग्नाच्या मांडवात लाऊडस्पीकरपासून लांब शोधलेली खुर्ची, यातलं काहीच या बेरजेत नाही.

त्याच अभ्यासाप्रमाणे जगात अर्धशिशीचे रुग्ण १०४ कोटी. सेकंदाला एक या गतीने, झोप न घेता, त्यांची नुसती मोजदाद करायची तर तेहेतीस वर्षं लागतील. भारताचा २०१९चा अंदाज २१ कोटी ३० लाखांचा आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती, तेव्हा जवळजवळ दोन महाराष्ट्र भरतील एवढी ही माणसं. शेजारच्या कर्नाटकात, बंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन २,३२९ लोकांची पाहणी झाली होती. तिचा निष्कर्ष २०१५मध्ये प्रसिद्ध झाला : वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेल्यांचं प्रमाण २५.२ टक्के. चारांत एक. बायकांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा दुपटीतिपटीने जास्त आढळतो, आणि १५ ते ४९ या वयातल्या स्त्रियांना अपंगत्व आणणाऱ्या कारणांच्या जागतिक यादीत त्याचा नंबर पहिला लागतो.

आपल्याकडे यातली निम्मीअधिक डोकी डॉक्टरांपर्यंत पोचतच नसावीत असं मला वाटतं. ‘पित्त झालंय’ म्हणायचं, ओढणी घट्ट आवळायची, बाम चोळायचा, उलटी झाली की बरं वाटेल म्हणून खोलीत अंधार करून पडायचं. फारच झालं तर पोराला मेडिकलमध्ये पिटाळायचं. आई असंच करायची, आजीही असंच करायची.

आता मोजपट्टीच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. अर्धशिशीच्या सुमारे एकतृतीयांश ते एकचतुर्थांश रुग्णांना डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर चमचमणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात, मध्ये एक आंधळा ठिपका उमटतो आणि तो पसरत जातो. कार्ल लॅशली या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाला हा त्रास होता. ठिपका डोळ्यांसमोर किती वेळात किती सरकतो याच्या नोंदी ठेवून त्याने १९४१मध्ये गणित मांडलं : मेंदूच्या मागच्या भागात काहीतरी मिनिटाला ३ मिलिमीटर वेगाने पुढे जात असलं पाहिजे. तीन वर्षांनी ब्राझीलच्या आरिस्तिदेस लेआओंना सशाच्या मेंदूत तशी लाट प्रत्यक्ष सापडली. पेशी आधी पेटतात, मग गप्प होतात, आणि ही शांतता भिंतीवर ओल चढावी तशी सरकत राहते. २००१मध्ये स्कॅनवर माणसाच्या मेंदूत ती मोजली तेव्हा वेग निघाला मिनिटाला साडेतीन मिलिमीटर. लॅशलीचं मोजमाप यंत्राविना किती अचूक होतं बघा.

मिनिटाला ३ मिलिमीटर म्हणजे तासाला १८ सेंटिमीटर. आपल्या शरीरातल्या सर्वांत वेगवान मज्जातंतूंतून संदेश जातो तो सेकंदाला १२० मीटरपर्यंत, म्हणजे ताशी ४३२ किलोमीटरने. दोन वेगांत २४ लाख पटींचं अंतर. एवढं सावकाश चालणारं काहीतरी माणसाला चार ते बहात्तर तास आडवं पाडतं, कारण उपचार न केलेल्या झटक्याची अधिकृत व्याख्येतली मुदत तेवढी आहे.

झटका आल्यावर घ्यायची गोळी वेगळी आणि झटके येऊच नयेत म्हणून रोज घ्यायची गोळी वेगळी. दुसरीला प्रतिबंधक औषध म्हणतात, आणि खरा गुंता तिथे सुरू होतो. महिन्याला चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, किंवा दिवस कमी पण झटका फार वाईट असेल, तर डॉक्टर तिचा विचार करतात. अमेरिकेत १ लाख ६२ हजारांवर लोकांची माहिती गोळा करून २००७मध्ये एक पाहणी प्रसिद्ध झाली. अर्धशिशीच्या रुग्णांपैकी सुमारे ३९ टक्क्यांना प्रतिबंधक औषध देण्याजोगी परिस्थिती होती किंवा निदान त्याचा विचार व्हायला हवा होता. प्रत्यक्षात घेत होते १२-१३ टक्के. बाकीचे दुखलं की गोळी, पुन्हा दुखलं की पुन्हा गोळी. साधं वेदनाशामक महिन्यात पंधरा दिवस, किंवा ट्रिप्टान (अर्धशिशीचा झटका थांबवणाऱ्या खास गोळ्या) आणि मिश्र गोळ्या दहा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. जगात अशा गोळीजन्य डोकेदुखीचे रुग्ण सुमारे ६ कोटी आहेत.

सगळ्यांनी तज्ज्ञाकडे जावं म्हणणं सोपं आहे. भारतात मेंदूविकारतज्ज्ञ काही हजार आहेत. उदार होऊन पाच हजार धरू, आणि सगळ्यांनी बाकीचे रोगी सोडून, दिवसाला आठ तास, वर्षाला तीनशे दिवस फक्त अर्धशिशीच पाहिली असं मानू. २१ कोटी ३० लाख लोकांना पंधरा मिनिटांची एकच भेट द्यायला साडेचार वर्षं लागतील. त्यामुळे हा निर्णय बहुधा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरसमोर, गर्दीच्या वेळी, रुग्णाच्या फाईलवर नजर टाकत होतो. आणि फाईल क्वचितच एका आजाराची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात : मधुमेह १० कोटी १० लाख, मधुमेहाच्या उंबरठ्यावर १३ कोटी ६० लाख, उच्च रक्तदाब ३१ कोटी ५० लाख. दमा ३ कोटी ४० लाखांच्या आसपास. हे सगळे आकडे त्याच लोकसंख्येवर एकमेकांत शिरून बसले आहेत.

प्रतिबंधक गोळ्यांचा इतिहास मला इथे फार उपयोगी वाटतो. जुन्या गोळ्यांपैकी जवळजवळ एकही मुळात अर्धशिशीसाठी जन्मलेली नाही. प्रोप्रॅनोलॉल हे सर जेम्स ब्लॅक यांनी हृदयासाठी बनवलेलं औषध. छातीच्या दुखण्यासाठी ते घेणाऱ्या रुग्णांची अर्धशिशी कमी झाल्याचं १९६६मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं. अमिट्रिप्टिलीन नैराश्यावरचं. टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट फिटवरची. व्हेनलाफॅक्सिन पुन्हा नैराश्याचं. कॅन्डेसार्टन रक्तदाबाचं. भारतात भरपूर लिहिलं जाणारं, पण अमेरिकेत कधीच परवाना न मिळालेलं फ्लुनारिझिन हे पेशींत कॅल्शियम शिरू न देणाऱ्या औषधांच्या कुळातलं. एकूण सात नावं झाली. प्रत्येक गोळी आपल्या माहेरच्या आजाराचे गुण घेऊन येते, आणि तिचे दोषही तिथलेच असतात.

सात गोळ्या एकामागून एक करून बघायच्या तर क्रम किती प्रकारे लावता येतील? ५,०४०. टोपिरामेट रोज २५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर आठवड्याला २५ने वाढवत १००वर न्यायला चार आठवडे, आणि त्या मात्रेवर उपयोग झाला की नाही हे ठरवायला निदान आठ. प्रत्येकीला असेच तीन महिने धरले तर सातांना पावणेदोन वर्षं. महिन्याला आठ दिवस दुखणाऱ्या माणसाचे तेवढ्या काळात १६८ दिवस गेले. इतका वेळ कुणाकडे असतो?

संशोधनाने तरी प्रत्येकाचं उत्तर आधीच काढून ठेवलेलं असेल असं वाटतं. तेही गणित करू. दमा, उच्च रक्तदाब, मधुमेह, स्थूलपणा, नैराश्य, फिट, मुतखडा आणि हृदयविकार, असे फक्त आठ सोबतीचे आजार घेऊ. प्रत्येक एकतर आहे किंवा नाही. फाईलींचे प्रकार झाले २५६. गुणिले सात गोळ्या : १,७९२ चौकोन. प्रत्येक चौकोनासाठी एका चांगल्या चाचणीइतके, समजा ९५५ लोक लागले (हा आकडा का घेतला ते पुढे कळेल), तर एकूण १७ लाख ११ हजार रुग्ण चाचण्यांत बसवावे लागतील. वय, लिंग, गर्भधारणेची इच्छा, मूत्रपिंडाची स्थिती अजून धरलेलीच नाही. अशा चाचण्या झालेल्या नाहीत आणि होणारही नाहीत. उलट बहुतेक औषधचाचण्यांत गंभीर हृदयरोग किंवा तसेच मोठे आजार असलेल्यांना दारातूनच परत पाठवतात, म्हणजे निकाल स्वच्छ यावा. छापून येणाऱ्या टक्केवाऱ्या अशा रिकाम्या फाईलवाल्यांच्या असतात. मला हे खटकतं, पण पर्यायही दिसत नाही.

मग फॅमिली डॉक्टर काय करतो? तो उलट्या बाजूने येतो. सर्वांत चांगलं औषध कोणतं हे न विचारता, कोणतं देता येणार नाही हे आधी बघतो.

एक फाईल कल्पू. चव्वेचाळीस वर्षांची बाई. लहानपणापासून दमा, पंप चालू. गेली काही वर्षं बीपीसाठी टेल्मिसार्टन, साखरेसाठी मेटफॉर्मिन, कोलेस्टेरॉलची एक गोळी. वजन जास्त. मागे एकदा मुतखडा झालेला. महिन्याला आठ दिवस डोकं.

प्रोप्रॅनोलॉल? अर्धशिशीलाही चाललं असतं, बीपीलाही. पण दम्यात श्वासनलिका आवळून धरणारी ही गोळी, त्यामुळे थेट बाद. शिवाय इन्सुलिन घेणाऱ्याची साखर घसरते तेव्हा हात कापणं, छाती धडधडणं ही जी धोक्याची घंटा असते ती हे औषध दाबून टाकतं. घाम तेवढा येत राहतो. व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं. आणि मूल होण्याच्या वयात तर त्यापासून लांबच राहावं लागतं, कारण गर्भारपणात ते घेतलेल्यांच्या दहा बाळांत सुमारे एकाला जन्मजात व्यंग असतं, आणि तीन ते चार मुलांच्या वाढीत, शिकण्यात अडचणी येतात. हे प्रमाण ऐकल्यावर ज्यांनी पूर्वी सहज ते लिहून दिलं असेल त्यांना आज झोप कशी येत असेल कोण जाणे. फ्लुनारिझिननेही वजन वाढतं, मन खचू शकतं, क्वचित हातापायांना पार्किन्सनसारखा ताठरपणा येतो. टोपिरामेटने वजन उतरतं, त्या दृष्टीने हिला छानच, पण ते मूत्रपिंडात खडे व्हायला मदत करतं आणि हिला खडा होऊन गेलाय. बोलताबोलता साधा शब्द न आठवणं आणि बोटांना मुंग्या येणं हे वेगळंच. व्हेनलाफॅक्सिन रक्तदाब चढवू शकतं. अमिट्रिप्टिलीन नैराश्यासाठी देतात त्याच्या अंशभर मात्रेत, रात्री दहा मिलिग्रॅमपासून, देता येईल. पण भूक वाढते, सकाळी जडपणा राहतो.

उरलं कॅन्डेसार्टन. त्याच्यामागचा पुरावा आकाराने लहान आहे. २००३च्या नॉर्वेतल्या चाचणीत ६० रुग्ण होते. २०१४च्या दुसऱ्या चाचणीत ७२ रुग्णांनी आळीपाळीने कॅन्डेसार्टन १६ मिलिग्रॅम, प्रोप्रॅनोलॉल १६० आणि खोटी, म्हणजे औषध नसलेली, गोळी घेतली. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे ४३, ४० आणि २३ टक्के. पण या बाईच्या दम्याशी त्याचं भांडण नाही, वजनाशी नाही, खड्याशी नाही, आणि बीपीचं औषध तर ते आहेच. टेल्मिसार्टन त्याच्याच कुळातलं, दोन सार्टन एकत्र चालत नाहीत. त्यामुळे टेल्मिसार्टन काढून त्या जागी कॅन्डेसार्टन, थोड्या दिवसांनी पोटॅशियम आणि क्रिएटिनिनची तपासणी, गर्भ राहणार नाही याची खात्री. डॉक्टरांनी मनात हा हिशेब केला तर पावणेदोन वर्षांचा रस्ता पंधरा मिनिटांवर येतो. इतर आजारांनी निवड अवघड केली असं आपण म्हणतो. खरं तर ५,०४० क्रमांतून वाट त्यांनीच दाखवली.

इथे अजून एक मोजणी लपलेली आहे. या बाईची औषधं चार. चार औषधांच्या जोड्या सहा, म्हणजे एकमेकांशी बिनसण्याच्या सहा शक्यता. त्यात पाचवं प्रतिबंधक औषध घातलं की जोड्या दहा. सहावं, मेडिकलमधून आणलेलं वेदनाशामक घातलं की पंधरा. दोन किंवा अधिक औषधांचे सगळे गट मोजले तर सत्तावन्न. आणि हे सहावं औषध निरुपद्रवी नसतं. सूज उतरवणारी वेदनाशामकं काही दमेकऱ्यांना भोवतात, बीपी वाढवतात, सार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना मूत्रपिंडावर तिहेरी घाव घालतात. एक औषध काढून त्याच जागी दुसरं ठेवलं तर संख्या चारच, आणि जोड्या सहाच्या सहाच. वैद्यकात एका दगडात दोन पक्षी क्वचितच सापडतात, सापडले की सोडू नयेत.

फाईल बदलली की उत्तर बदलतं. झोप न लागणारा, सतत मान आखडलेला सडपातळ माणूस असेल तर अमिट्रिप्टिलीन. मात्र त्याला काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार नसावी. धडधड, हात थरथरणं आणि बीपी असेल, दमा नसेल, तर प्रोप्रॅनोलॉल. मग झटक्यासाठी रिझाट्रिप्टान लिहून देताना त्याची मात्रा उतरवायला हवी, कारण प्रोप्रॅनोलॉलमुळे रक्तातलं त्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी वाढतं. फिट येणाऱ्या लठ्ठ पुरुषाला टोपिरामेट. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्याला ट्रिप्टान देताच येत नाहीत, म्हणून त्याच्यासाठी प्रतिबंध अधिकच मोलाचा. आणि चमचमणाऱ्या रेघा दिसणारी तरुणी पाळीच्या तक्रारींसाठी इस्ट्रोजेनच्या गोळ्या घेत असेल तर ती फाईल आधी थांबवावी. अर्धशिशीही नाही आणि अशा गोळ्याही नाहीत अशा तरुण बायकांमध्ये मेंदूचा झटका वर्षाला लाखात अडीच जणींना येतो. रेघा दिसणाऱ्यांत सहाच्या आसपास. रेघाही आणि गोळ्याही, तर सुमारे सदतीस. लाखात सदतीस म्हणजे एकटीपुरतं तसं थोडंच, पण अडीचच्या पंधरापट.

गोळ्यांच्या पलीकडे जीवनसत्त्वही आहे. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२, आपल्याला दिवसाला एक-सव्वा मिलिग्रॅम लागतं. अर्धशिशीसाठी देतात ४००, म्हणजे गरजेच्या तीनशे पट. लघवी झळाळत्या पिवळ्या रंगाची होते, बाकी त्रास जवळजवळ नाही. १९९८मध्ये ५५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत ५९ टक्क्यांना फायदा झाला, खोट्या गोळीवर १५ टक्क्यांना. चाचणी छोटी, औषध स्वस्त आणि दुसऱ्या आजारांच्या वाटेला फारसं न जाणारं. गच्च भरलेल्या फाईलमध्ये त्याला जागा द्यायला माझी हरकत नाही.

प्रमाणांची खरी टोकं मात्र सुईत दिसतात. वारंवार, महिन्याला पंधरा किंवा जास्त दिवस दुखणाऱ्यांसाठी २०१०पासून बोटॉक्स मान्य आहे : डोकं आणि मानेच्या सात स्नायूगटांत ३१ जागी टोचून १५५ युनिट, दर बारा आठवड्यांनी. शंभर युनिटच्या कुपीत विषाचं संयुग असतं सुमारे ५ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमात अशा वीस कोटी कुप्या होतील. तरीही जागच्या जागी राहणारं हे औषध पोटातल्या, रक्तातल्या गोळ्यांशी फारसं भांडत नाही, आणि दहा गोळ्या खाणाऱ्या माणसाला हे मोठंच सुख.

दुसरं टोक म्हणजे अँटिबॉडी. सीजीआरपी नावाचा ३७ अमिनो आम्लांचा छोटा रेणू झटक्याच्या वेळी मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात वाढलेला असतो, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी दाखवलं. त्यावरच्या कामासाठी त्यांना आणखी दोघांसह २०२१चं ब्रेन प्राइझ मिळालं. या रेणूचं काम अडवणारं एरेनुमॅब अमेरिकेत मे २०१८मध्ये मान्य झालं. अर्धशिशी थोपवण्यासाठीच घडवलेल्या या नव्या कुळातलं ते पहिलं औषध. प्रोप्रॅनोलॉलच्या रेणूचं वजन २५९ डाल्टन, याचं दीड लाखाच्या आसपास. एवढा अजस्र रेणू यकृताच्या नेहमीच्या यंत्रणेतून जातच नाही. शरीर त्याला अन्नातल्या प्रथिनासारखं तोडून टाकतं. त्यामुळे जोड्यांच्या मोजणीत तो जवळपास शून्य मिळवतो. निर्दोष मात्र नाही, बद्धकोष्ठता होते, काहींचं बीपी चढतं. पहिल्या वर्षीची अमेरिकेतली छापील किंमत होती वर्षाला ६,९०० डॉलर.

फायदा किती? ९५५ जणांच्या चाचणीत (हाच तो आकडा) सुरुवातीला महिन्याला सरासरी ८.३ दिवस अर्धशिशी होती. १४० मिलिग्रॅमच्या इंजेक्शनने ३.७ दिवस कमी झाले. खोट्या इंजेक्शनने १.८. फरक १.९ दिवसांचा. एवढ्यासाठी एवढे पैसे, असं कुणीही म्हणेल. पण १.९ दिवस महिन्याला म्हणजे वर्षाला जवळपास तेवीस. भारतातल्या रुग्णांपैकी शंभरात एकालाच एवढा फरक पडला तर वर्षाला ४ कोटी ८५ लाख दिवस, म्हणजे एक लाख तेहेतीस हजार वर्षं वाचतील. शिवाय सरासरीच्या आत निम्म्या लोकांचे दिवस निम्म्यावर आले होते आणि काहींना काहीच झालं नव्हतं. १.९ हा आकडा त्यांपैकी कुणाचाच नाही.

खोट्या गोळीकडे तुच्छतेने बघू नये, हेही इथेच सांगायला हवं. ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट आणि खोटी गोळी यांची तुलना झाली. ३६१ मुलं. निकाल २०१७मध्ये आला : ५२ टक्के, ५५ टक्के आणि ६१ टक्के. सर्वांत वरचा आकडा खोट्या गोळीचा. पुढे नेण्यात अर्थ नाही म्हणून चाचणी मध्येच थांबवली. मुलांच्या बाबतीत त्यानंतर अनेक डॉक्टर गोळीआधी झोप, जेवणाच्या वेळा आणि पाणी यांकडे जास्त लक्ष देऊ लागले.

गोळी निवडून झाली तरी ती पोटात जायला हवी. अमेरिकेतल्या ८,६८८ जुनाट रुग्णांच्या नोंदींत सहा महिन्यांनी प्रतिबंधक गोळी नीट घेणारे २६ ते २९ टक्के उरले होते, वर्षाने १७ ते २० टक्के. पाचांतले चार गळाले. हे आळसामुळे झालं असं मला वाटत नाही. पहिले दोन महिने फायदा दिसत नाही आणि त्रास मात्र पहिल्या आठवड्यात सुरू होतो, हा सौदाच तसा आहे. ज्याच्या डब्यात आधीच बीपी, साखर, थायरॉईडच्या गोळ्या आहेत तो पहिल्यांदा हीच वगळतो.

सोडण्यालाही वेळापत्रक लागतं. फ्लुनारिझिन शरीरातून निम्मं व्हायला सुमारे अठरा दिवस लागतात, म्हणजे आज बंद केलं तरी त्याचा मागमूस तीन महिने राहतो. एरेनुमॅबचा निम्मा व्हायचा काळ २८ दिवसांचा, म्हणून मूल हवं असणाऱ्या बाईला महिने मोजून आधीच थांबावं लागतं. प्रोप्रॅनोलॉल याच्या उलट, काही तासांत ओसरणारं, आणि हृदयविकार असलेल्याने ते एका दिवसात तोडणं धोक्याचं. मात्रा हळूहळू उतरवतात.

आणि चांगलं चाललंय म्हणून बंद केलं तर? एका चाचणीत ८१८ रुग्णांना सहा महिने टोपिरामेट दिलं. त्यांतल्या ५१४ जणांचे मग चिठ्ठ्या टाकून दोन गट केले, एकाची गोळी चालू, दुसऱ्याला नकळत खोटी. पुढच्या सहा महिन्यांत खोट्या गोळीवाल्यांचे दर चार आठवड्यांतले दुखण्याचे दिवस सरासरी १.१९ने वाढले, चालू ठेवणाऱ्यांचे ०.१०ने. म्हणजे त्रास थोडा परतला, पण उपचारापूर्वी जिथे होता तिथपर्यंत बहुतेकांचा गेला नाही. म्हणून सहा महिने ते वर्षभर गोळी देऊन, मग मात्रा उतरवून बघायची पद्धत पडली आहे. आपल्या चव्वेचाळिशीच्या बाईला तो प्रश्नच येत नाही. तिचं कॅन्डेसार्टन बीपीसाठी चालूच राहणार आहे.